परिणाम दिसला नाही

कालिन्याच्या शेडमध्ये सकाळी साडेआठला
मी तिच्या पोटावर ओलं फडकं ठेवते.
(व्याकरणात विमान 'ते' असतं,
पण बस्त्याव 'ती' म्हणतो, म्हणून मीही.)
ओलं म्हणजे स्पिरिट, तेही मोजून.
माहीमकडून येणारा खारा वारा
पत्र्याला आतून पोखरतो, पांढरी भुकटी सुटते,
ती मी ब्रशने डबीत भरते, डबीवर तारीख घालते.
तारखा घालायचाच मला पगार मिळतो.

राखाडी रंगाखाली हिरवा,
आपल्या तिरंगी वर्तुळाखाली त्यांचं वर्तुळ,
आणि नाकाच्या डाव्या अंगाला, अगदी तळाशी,
पिवळे, बोटभर लांब बॉम्ब.
हौसेनं काढलेले, ओळीनं,
हळदीच्या दिवशी भिंतीवर बोटं उठवावीत तसे.
एकोणीस.
एकोणिसाव्याला शेपूट नाही.
रंग संपला की युद्ध, वहीत नोंद नाही.

वहीतलं अक्षर सुबक,
सुलेखनाचं बक्षीस मिळवलेल्या मुलाचं असावं.
फेरी दोन: पूल. परिणाम: एक कमान पडली.
फेरी पाच: रेल्वे यार्ड. परिणाम: आग,
परतताना चाळीस मैलांवरून दिसत होती.
फेरी अकरा: धक्का आणि गोदामं. परिणाम: ढगांमुळे दिसला नाही.
बारा: दिसला नाही.
चौदा: दिसला नाही.
इथे पेन बदललंय, अक्षर तेच.

मग तह झाला, आणि हुकूम आला: मोडा.
कुदळीनं घड्याळं फोडली, तारा उपटल्या,
इंजिनात वाळू ओतली.
कणा तेवढा राहिला.
तोच ओढत आणला आपल्या माणसांनी,
दुसरीचा पंख, तिसरीची चाकं,
काचेच्या जागी मिळेल ती काच.

बस्त्याव कीणी दर गुरुवारी येतो.
त्याला पास लागत नाही, वॉचमन त्याचा जावई.
बारा वर्षांचा होता तेव्हा त्याला पंखात घालायचे.
बाहेरून बाप रिव्हेट मारी,
आतून हा लोखंडी ठोकळा दाबून धरी.
अंधार, पेट्रोलचा वास,
ठोक्यागणिक दातावर दात.
उजवा कान तिथंच ठेवून आलो, म्हणतो,
सापडला तर डबीत घाल, तारीख टाकून.

"आत एका बायचं नाव हाय. बघितलंस?"
टॉर्च घेऊन मी खांद्यापर्यंत आत शिरले.
खरंच होतं. पेन्सिलीनं, रोमन अक्षरांत:
डोरिस, रात्रपाळी.
खाली खिळ्यानं कोरलेलं, वाकडं: बस्त्याव.
सात समुद्रांवरची ती बाई आणि कोळे-कल्याणचा हा पोरगा,
एकाच फासळीवर, हातभर अंतरावर,
आणि दोघांनाही खाली काय पडलं ते माहीत नाही.

त्यानंतर वीस वर्षं तिनं समुद्र पाहिला.
नुसता पाहिला.
त्या वह्या मला वाचायला आवडतात:
मचवे सात. मालाचं जहाज एक. बाकी पाणी.

आता समितीचा प्रश्न असा,
की जपायची ती कुठल्या तारखेची?
प्रधानसाहेबांना पिवळे बॉम्ब ताजे करून हवेत,
शाळेची मुलं मोजतील म्हणतात.
दुसऱ्यांना वरचा रंग हवा, चकचकीत, तिरंगा मोठा.
कुदळीचे पोचे कुणालाच नको आहेत.
चहा आला, बिस्किटं आली, ठराव पुढल्या महिन्यावर गेला.

मी पाटीसाठी एक ओळ लिहून ठेवली आहे:
एकोणिसावा अपुरा आहे, तो तसाच ठेवला आहे.
ती ते कापतील बहुधा.

संध्याकाळी बस्त्याव शाबूत कान पंखाला लावतो,
बोटाच्या पेरानं टकटक करतो, थांबतो,
जरा पुढे सरकून पुन्हा.
"हा माझा नाय," म्हणतो. "हा बाचा."
मी विचारत नाही, कसं कळतं.

माझ्या रजिस्टरमध्येही शेवटचा रकाना आहे.
परिणाम.
आज तिथे लिहिलं:
वारा पश्चिमेचा. डावं पोट, दोन चौरस फूट.
डबी क्रमांक एकतीस.